पितरांच्या जागा आणि गावाचे कर्तव्य
(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील व्याख्यान)



देवळावर नवा कळस चढला की सारे गाव उजळल्यासारखे वाटते. जीर्णोद्धाराचे काम पैशाने होते हे खरे. पण तो पैसा गोळा होतो श्रद्धेने. कोणी वर्गणी देतो, कोणी वाळू-खडी टाकतो, कोणी श्रमदान करतो. नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेलेली मंडळीही अशा वेळी हात आखडता घेत नाहीत. याचे कारण उघड आहे. देऊळ सर्वांचे असते, म्हणून त्याला वाली असतो.

परंतु प्रत्येक गावात आणखी काही पवित्र जागा असतात. त्या एकेका घराण्याच्या असतात. कोणाच्या वाडीत, कोणाच्या भातखाचराच्या वरच्या कोपऱ्यात, तर कोणाच्या माळावर. तेथे त्या घराण्याचा मूळपुरुष, एखादा गोसावी किंवा अकाली गेलेले मूल मातीआड झालेले असते. घराणे नांदते आहे तोवर तेथे सर्वपित्री अमावास्येला दिवा लागतो, नारळ वाढवला जातो. घराणे पांगले, जमीन दुसऱ्याच्या नावावर चढली, की त्या जागेला कोणी वाली उरत नाही. पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात जमिनीचे व्यवहार आज ज्या वेगाने होत आहेत, तो पाहता या जागांचा विचार गावाने आताच केला पाहिजे. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

या जागा कोणत्या?

हिंदूंमध्ये दहनाची चाल आहे. मग पुरलेल्या माणसांच्या जागा कोठून आल्या, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. दात न आलेल्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. संन्याशाला, नाथपंथी साधूला, दशनामी गोसाव्याला समाधी देतात. लिंगायत समाजात दफनाचीच रीत आहे. वारली आणि इतर आदिवासी समाजांत दहन आणि दफन या दोन्ही चाली आढळतात. शिवाय जेथे दहन झाले तेथेही अनेक घराण्यांनी नंतर चौथरा बांधला, वर तुळशी वृंदावन, शिवलिंग किंवा पादुका बसवल्या. तीही घराण्याची समाधीच होय.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या भागांतील आदिवासी पाड्यांजवळ पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दगड आणि लाकडी खांब दिसतात. त्यांवर घोड्यावरचा स्वार असतो, वर चंद्र-सूर्य असतात. असा पूर्वज 'वीर' म्हणून पुजला जातो. शिलाहार-यादवकाळातील वीरगळ याहून जुने. वीरगळाच्या खालच्या चौकटीत लढाई आणि वीराचा मृत्यू, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, अशी मांडणी असते. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात असतो. पुष्कळ ठिकाणी या दगडांना शेंदूर लागून त्यांचे देव झालेले आहेत, तर पुष्कळ ठिकाणी त्यांच्यावर धुणी धुतली जात आहेत.

जेथे काहीच बांधकाम उरलेले नाही तेथेही खूण राहते. माळावर एकटाच जुना चाफा उभा असेल, किंवा बांधाच्या कोपऱ्यातली हातभर जागा पिढ्यान् पिढ्या नांगराविना सोडलेली असेल, तर म्हाताऱ्यांना विचारून पाहावे. बहुधा तेथे कोणी तरी झोपलेले असते.

यात एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. गावच्या स्मशानाची काळजी ग्रामपंचायत घेते. कबरस्तानामागे जमात उभी असते, ख्रिस्ती दफनभूमीमागे चर्च असते, पारशी दखम्यामागे अंजुमन असते. देवळाचा न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असतो. घराण्याच्या समाधीमागे मात्र कोणतीच संस्था नसते. तिच्यामागे असते ती एखाद्या आजीची आठवण. ती आजी गेली की समाधीचा दगड नुसता दगड उरतो.

इतिहासाची साक्ष

या दगडांना इतके महत्त्व कशाला, असे वाटणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

बोरिवलीजवळच्या एकसर गावी वीरगळांची एक रांग आहे. त्यांवर लढाऊ जहाजे, वल्ही मारणारे खलाशी आणि समुद्रावरची झुंज कोरलेली आहे. शिलाहार आणि यादव यांच्या संघर्षाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात त्यांची नोंद झाली तेव्हा ते एका आमराईत, तळ्याच्या काठी उभे होते. ते दगड कोणी फोडून पायात घातले असते, तर कोकणच्या दर्यावरील मध्ययुगीन लढाईचे ते चित्र कायमचे पुसले गेले असते. ते वाचले, म्हणूनच आज इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची छायाचित्रे छापली जातात.

दुसरे उदाहरण अगदी शेजारचे, चिंचणीचे. १९५५ साली तेथे जमिनीत ताम्रपट सापडले. त्यांतील शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. त्या वेळी संजाण प्रांताचा कारभार मुहम्मद सुगतिप नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. त्याच्या कारकिर्दीत संजाणच्या एका देवीच्या मठाला जमीन दान दिली गेली, त्या दानाचा हा लेख. नदी ओलांडण्यासाठी फुकट नावा आणि गरिबांसाठी अन्नछत्र यांचाही त्यात उल्लेख आहे. सम्राट राष्ट्रकूट, अधिकारी मुसलमान, मठ देवीचा. अकराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर माणसे कशी नांदत होती, हे एका शेतातल्या तांब्याच्या पत्र्यांनी सांगितले. कोणाच्या खाजगी मालकीच्या मातीत साऱ्या मुलुखाचा इतिहास कसा दडलेला असतो, याचा हा पुरावा आहे.

तिसरे उदाहरण तारापूरच्या किल्ल्याचे. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. सरदाराचे नाव कागदोपत्री राहिले. त्यांच्याबरोबर जे साधे शिपाई पडले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. अशा माणसांची आठवण राहिलीच तर ती त्यांच्या घराण्यात, एखाद्या चौथऱ्याच्या रूपाने राहते. घराण्याची समाधी म्हणजे ज्यांना बखरीत जागा मिळाली नाही त्यांची बखर आहे.

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव येथे बेने इस्राएल समाजाची जुनी दफनभूमी आहे. जहाज फुटून वाहत आलेल्या आपल्या पूर्वजांना तेथे पुरले, पुरुषांना एका ठिकाणी आणि स्त्रियांना दुसऱ्या ठिकाणी, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. पुढे त्या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तरीही नवगावची जागा त्यांनी सोडली नाही. तेथे स्मारक उभारले, आणि दूर देशाहून येणारी माणसे आजही ती शोधत येतात. गाव सुटले तरी पितरांचे ठिकाण सुटू नये, ही ओढ जगभर सारखीच आहे.

जमीन हलते, समाधी हलत नाही

मग या जागा संकटात का आल्या? त्याला कोणी एक माणूस जबाबदार नाही. काळच तसा आला.

पहिली उलथापालथ कूळ कायद्याने झाली. १९४८ चा कायदा आला, पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन उजाडला आणि कसणाऱ्या कुळाच्या नावावर जमीन लागली. ते न्यायाचेच झाले. पण जुन्या मालकाच्या घराण्याची समाधी त्याच जमिनीत राहिली. दुसरीकडे, कित्येक आदिवासी कुटुंबांच्या पूर्वजांचे दगड आधीच सावकाराच्या नावे गेलेल्या जमिनीत अडकून पडले होते. सात-बाऱ्यावरचे नाव बदलले, मातीतली माणसे होती तेथेच राहिली.

दुसरी गोष्ट वाटण्यांची. चार भावांत वाडीचे चार तुकडे झाले, समाधी एकाच्या वाट्याला आली, आणि त्याच्या मुलाने आपला तुकडा विकला.

तिसरी गोष्ट उद्योगधंद्यांची. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. बोईसरची औद्योगिक वसाहत वाढत गेली. पुढे केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली आणि तेथील ग्रामस्थ नव्या गावठाणात गेले. सूर्या प्रकल्पात धामणीच्या पाण्याखाली जमिनी गेल्या. २०१४ साली पालघर जिल्हा झाला, आणि त्यानंतर द्रुतगती महामार्ग, मालवाहू रेल्वे, अतिजलद रेल्वे यांसाठी मोजण्या झाल्या. गाव उठते तेव्हा देव नव्या गावठाणात नेता येतो. त्याची विधिपूर्वक पुनःप्रतिष्ठा करता येते. पितरांना मात्र उचलून नेता येत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नव्या वसाहतीला दहन-दफनभूमी देण्याची तरतूद आहे, आणि ती चांगलीच आहे. पण ती पुढे मरणाऱ्यांसाठी आहे. आधी गेलेल्यांच्या जागेची नोंदच कोठे नसेल, तर मोजणी करणाऱ्याला ती दिसणार तरी कशी?

दोन बाजू

या प्रश्नाला दोन बाजू आहेत, आणि दोन्ही ऐकून घेतल्या पाहिजेत.

वारस म्हणतो, "आमच्या आजोबांचा चौथरा तेथे आहे. वर्षातून एकदा दिवा लावायला गेलो तर कुंपणाचे फाटक बंद." जमीनमालक म्हणतो, "मी रोख पैसे मोजून जमीन घेतली. आज दिवा लावू दिला, उद्या मंडप घालतील, परवा हक्क सांगतील. आणि मी जमीन विकायला काढली तर गिऱ्हाईक पळेल." वारसाचे दुःख खरे आहे. मालकाची भीतीही खोटी नाही. समाधीच्या नावाखाली जागा अडवल्याचे प्रकार घडलेले आहेत. म्हणून भांडण लागण्याआधी, दोघे एका ओट्यावर बसू शकतात तोवरच बोलणे व्हावे.

हे दुखणे इथलेच आहे असे नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात शेतवाडीतील कुटुंबांच्या दफनभूमी पुष्कळ आहेत आणि जमिनी विकल्या गेल्यामुळे त्या परक्यांच्या हद्दीत गेल्या. तेथे कायद्यानेच ठरवून दिले आहे की, जमीन कोणाचीही असो, मृतांच्या वंशजांना भेटीसाठी जाऊ दिले पाहिजे. वंशजांनीही रीतसर कळवून, वाजवी वेळी, नासधूस न करता जायचे. कोरियात तर पितृपक्षाच्या सुमारास येणाऱ्या त्यांच्या मोठ्या सणाआधी कुटुंबेच्या कुटुंबे डोंगरावर जाऊन पूर्वजांच्या थडग्यांवरचे गवत कापतात. भाद्रपदातला हा धर्म दोन देशांत सारखाच पाळला जातो.

कायदा आणि कागद

महाराष्ट्रात व्हर्जिनियासारखा वेगळा कायदा नाही. तरी हातात काहीच नाही असे मात्र नव्हे.

जमीन महसुलाच्या नियमांत पोटखराब्याचे 'अ' आणि 'ब' असे दोन वर्ग आहेत. सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, रस्ता, पाणवठा, तसेच दफनासाठी किंवा दहनासाठी वापरात असलेली जागा 'ब' वर्गात येते आणि तिच्यावर आकारणी होत नाही. म्हणून घराण्याने प्रथम आपल्या जुन्या जमिनीचा सात-बारा, जुने फेरफार, गाव नकाशा आणि मोजणीची टिपणे काढून पाहावीत. जुन्या मोजणीदाराने समाधीची खूण टिपली असेल, तर तो कागद सोन्यासारखा आहे.

दुसरे, जमीन विकताना खरेदीखतात एक वाक्य घालून घ्यावे: समाधीची इतकी हात लांब, इतकी हात रुंद जागा आणि बांधावरून तेथपर्यंत जाण्याची वहिवाट विक्रीतून वगळली आहे. दस्त नोंदणीकृत असतो, त्यामुळे हे वाक्य पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला दिसते. जमीन आधीच गेलेली असेल, तर नव्या मालकाच्या संमतीने वहिवाटीचा दस्त करून त्याची नोंद 'इतर हक्क' या रकान्यात लावून घ्यावी. चार ओळींचा कागद पुढची चाळीस वर्षांची कोर्टकचेरी वाचवतो.

तिसरे, पालघर जिल्ह्यातील पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने लोकांच्या परंपरा, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. पाड्यावरच्या वीरांची यादी ग्रामसभेच्या ठरावात आली, तर ती सरकारी दप्तरात आली.

चौथे, भावना दुखावण्याच्या हेतूने, किंवा त्या दुखावतील हे ठाऊक असताना दफनाच्या जागेत घुसणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो दंडसंहितेच्या कलम २९७ खाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली आहे. पण हे शस्त्र शेवटचे. गावातल्या गावात पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची वेळ येऊ नये, हेच बरे.

गावाने काय करावे?

काम मोठे नाही. त्याला वर्गणीही लागत नाही. ज्या समितीने देऊळ उभे केले, त्याच समितीने एक वही घालावी. प्रत्येक जागेला एक पान. गट नंबर, समाधी कोणत्या घराण्याची, कोणाची, तेथे काय बांधलेले आहे, लांबी-रुंदी किती, कोणत्या तिथीला दिवा लागतो, जाण्याची वाट कोणती, आणि ही माहिती सांगणाऱ्या वडीलधाऱ्याचे नाव. सोबत छायाचित्र. वहीच्या तीन प्रती कराव्यात. एक देवस्थानाकडे, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत. शाळेतल्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून ही पाने भरली, तर त्याहून उत्तम. मात्र हे काम या पावसाळ्याआधी सुरू व्हावे. ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

जपणूक करतानाही विवेक हवा. समाधीवर सिमेंटचा गिलावा करू नये. खाऱ्या हवेत सिमेंटआड ओल कोंडते आणि आतला दगड पापुद्रे धरून सुटतो. डागडुजी लागली तर चुन्यात करावी. कोरीव दगडाला ऑइल पेंट फासू नये. अक्षरे वाचायची असतील तर ती खिळ्याने उकरू नयेत, खडूने भरू नयेत; सकाळी कोवळे ऊन तिरपे पडते तेव्हा पाहावे, अक्षरे आपोआप उठून दिसतात. खोदताना अस्थी लागल्या तर काम थांबवून पोलीस पाटलाला कळवावे. नाणी, ताम्रपट, पुरलेले द्रव्य सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. ते घरी नेऊ नये आणि मोडीतही घालू नये.

तसेच वीरगळ किंवा समाधीचा दगड शेतात धोक्यात आहे म्हणून लगेच उचलून देवळात आणण्याची घाई करू नये. दगड जागचा हलला की कोण, कोठे, कशासाठी, ही अर्धी कथा संपते. अगदी निरुपाय असेल तरच तो आणावा, आणि मूळ जागेची नोंद व छायाचित्र आधी करून घ्यावे. उलट, देवळाच्या आवारात पूर्वीपासून असलेले दगड जीर्णोद्धाराच्या गडबडीत भरावात जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी. नवी फरशी बसली आणि जुना वीर तिच्याखाली गाडला गेला, तर तो कसला उद्धार?

वारसांनी साधेपणाने वागावे. दिवा, फूल, नारळ पुरे. समाधीवर पत्र्याची शेड नको, दानपेटी नको, ध्वनिक्षेपक नको. मालकाने वर्षातून दोन दिवस फाटक उघडावे. हातभर जागा नांगराविना सोडल्याने कोणाचे पीक बुडाले नाही. ती जागा सोडणारा शेतकरी कोणत्याही देणगीदाराइतकाच मोठा दाता आहे, आणि पुढच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीत त्याचेही नाव छापले गेले पाहिजे.

ग्रामस्थहो, देवळाचा कळस लांबून दिसतो. पितरांचा चौथरा जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. पण ज्या हातांनी या देवळाचा पहिला दगड ठेवला, ते हात आज याच गावच्या कोठल्या तरी बांधाच्या कोपऱ्यात विसावले आहेत. ती जागा कोणती, हे सांगता येणारे एखादे माणूस गावात अजून असेल. सोहळा आटोपल्यावर, प्रसाद घेऊन घरी जाताना, त्याला विचारावे आणि लिहून ठेवावे. तेवढी सद्बुद्धी आणि तेवढी सवड ग्रामदेवतेने सर्वांना द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.